घासलेला राणीछाप

नाण्याची किंमत काढायला मला वीस मिनिटं लागतात. त्यातली पाच नाण्याला, उरलेली समोरच्या माणसाला. ही बढाई नाही. नाशिकच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातला बराचसा काळ प्रयोगशाळेत उभ्यानं गेला. वजन, घनता, धातू ही माझ्या हातातली कामं आहेत, आणि नाण्यांचा नादही त्यातूनच लागला. घनतेच्या प्रयोगाला दरवर्षी तेच पितळेचे ठोकळे द्यायचा कंटाळा आला, म्हणून एका वर्षी मुलांना सांगितलं, घरात जुना रुपया असेल तर आईला विचारून घेऊन या. चाळीस मुलांनी साठ-सत्तर नाणी आणली. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी एकही पोरगं जागचं हललं नाही.

पुढं मी नाण्यांची पुस्तकं आणली, प्रदर्शनांना जायला लागले, व्यापाऱ्यांशी हुज्जत घालायला शिकले. निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हीच माझी प्रयोगशाळा झाली. कुणीही यावं, नाणं दाखवावं. मी पैसे घेत नाही आणि कुणाचं नाणं विकतही घेत नाही. आपण गिऱ्हाईक झालो की आपल्या तोंडून खरा भाव निघेल याची खात्री राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती लग्न होऊन नांदगावला गेली आणि तिथं औषधांचं दुकान चालवते. एरवी तिचा फोन म्हणजे हसणं आधी आणि बोलणं नंतर. त्या दिवशी हसणं नव्हतंच.

"मॅडम, आमच्या घरात एका नाण्यावरून दोन महिने झाले सासू-सासरे एकमेकांशी बोलत नाहीत."

मी म्हटलं, "सगळं पहिल्यापासून सांग."

झालं होतं ते असं. तिच्या सासऱ्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. राणीछाप चांदीचा रुपया तुमच्या घरात असेल तर दहा लाख मिळतील, खाली दिलेल्या नंबरवर फोन करा. यांच्या देव्हाऱ्यात दर लक्ष्मीपूजनाला ताटात मांडले जाणारे सात जुने रुपये होते, त्यात एक राणीछापही होता. सासऱ्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं फोटो मागवले, वा वा केली आणि नोंदणीचे म्हणून एकवीसशे रुपये मागितले. यांनी घरात कुणाला न विचारता भरले. मग गावातल्या पारावर सांगून टाकलं, की आपल्याला दहा लाख येणार.

तरी शेतकरी माणूस, एकाच व्यापाऱ्याच्या भावावर माल सोडत नाही. नाशिकला नाण्यांचं प्रदर्शन भरलंय असं कळल्यावर ते तो राणीछाप खिशात घालून आले. तिथल्या एका व्यापाऱ्यानं नाणं हातात घेतलं, तिरपं करून उजेडात धरलं आणि परत दिलं. "घासलंय हे. मूळची कांती गेली की नाणी जमवणारा हौशी माणूस हात लावत नाही."

सासऱ्यांनी एवढंच ऐकलं. अडतीस वर्षं दर दिवाळीला ते रुपये कोण घासत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "दहा लाख घासून मोरीत घातलेस तू." त्या दिवसापासून सासूबाई गप्प झाल्या.

"त्यात मॅडम, तो फोनवाला आता कराचे म्हणून साडेअठरा हजार मागतोय. आबा म्हणतात, तो घासलेलं नाणंही घेतोय तर भरून टाकतो."

"एक पैसा भरू देऊ नकोस," मी म्हटलं. "रविवारी तिघं माझ्याकडे या. सगळी नाणी आणा. आणि आता त्यांना घासू नका, पुसूसुद्धा नका."

रविवारी सकाळच्या गाडीनं ते नाशिकरोडला उतरले आणि अकराच्या सुमाराला माझ्या दारात उभे राहिले. सासरे उंच, पांढरा शर्ट, पायजमा, टोपी. सासूबाई त्यांच्या मागं दोन पावलं, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. माझी विद्यार्थिनी दोघांच्या मधे, तारेवर चालावं तशी. मी खुर्च्या ओढल्या. सासरे टेबलाशी बसले. सासूबाई लांबच्या दिवाणावर अगदी कडेला टेकल्या, कुणी म्हणालं तर लगेच उठता यावं अशा.

चहा झाल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून पितळी डबा काढला. माझा छोटा वजनकाटा मी पुढं ओढला तसं त्यांनी विचारलं, "काटा बरोबर हाय का?"

मला हा प्रश्न आवडला. कांदा बाजार समितीत नेणाऱ्या माणसाला काट्याचा संशय यायलाच हवा. कॉलेजातून निवृत्त होताना मला प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी वजनांची एक जुनी पेटी भेट दिली होती. ती त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "भाऊ, तुम्हीच तपासा." त्यांनी पाच ग्रॅमचं वजन चिमट्यानं उचलून ठेवलं, मग दहाचं, मग दोन्ही. आकडे जुळले. "चालंल," असं म्हणून ते मागं टेकले.

आधी मी लोहचुंबक घेतलं आणि सातही नाण्यांवरून फिरवलं. वाघाचं चित्र असलेला एक रुपया टपकन चिकटला. सासरे दचकले.

"हा सत्तेचाळीस सालचा," मी म्हटलं. "निकेलचा आहे. यात चांदीचा कणही नाही."

"आम्ही तर त्याचीबी पूजा करतो."

"पूजेला काही हरकत नाही. किमतीत मात्र चांदीच्या पंगतीला बसणार नाही तो."

मग एकाची कड पाहिली, वजन केलं आणि बाजूला ठेवला. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला राजाछाप. त्या दिवसांत रुपयात निम्मीच चांदी घालत. उरले पाच. त्यातला दहा लाखांचा म्हणून गाजलेला राणीछाप मी काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅम बेचाळीस. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात सोडलं, तळाला टेकणार नाही असं. काट्यावर एक ग्रॅम अकरा आलं.

"आता अकरा पॉइंट बेचाळीसला एक पॉइंट अकरानं भाग," मी विद्यार्थिनीला म्हटलं. तिनं मोबाईलवर भागलं. दहा पूर्णांक तीनच्या जवळपास, चांदीच्या रुपयाची घनता असते तेवढीच.

"म्हणजे चांदी खरी," तीच म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या आवाजात तोच परीक्षेतला आनंद होता.

सासरे पुढं सरकले. "मग दहा लाखाचं काय?"

मी भिंग काढलं. इथं घाई करायची नव्हती, कारण खरा प्रश्न दिवाणाच्या कडेवर बसला होता.

"ताई, तुम्ही इकडे या," मी सासूबाईंना म्हटलं. त्या नवऱ्याकडे न बघता उठल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तेव्हा बसल्या.

"हे बघा. राणीचा गाल सपाट झालाय. झग्यावरची नक्षी जिथं उंच आहे तिथं पुसली गेलीय. खोलगट भागात मात्र अजून रेघा दिसतात. ही झीज बाजारातली. हा रुपया तुमच्या घरात येण्याआधी कितीतरी वर्षं हातोहात फिरला, कुणाच्या कनवटीला, कुणाच्या गल्ल्यात. आता ही सपाट जागा बघा. बारीक बारीक ओरखडे, सगळे एका दिशेनं. हे घासण्याचे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत."

सासऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिलं. मग न बोलता ते बायकोच्या हातात दिलं. दोन महिन्यांत त्यांनी तिला दिलेली ती पहिली वस्तू असावी, असं मला सुनेच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"आता मी माझा दाखवते," मी म्हटलं आणि कपाटातून माझा एक राणीछाप आणला. तसाच झिजलेला, पण कधीच न घासलेला. काळपट, करडा. तो त्यांच्या रुपयाशेजारी ठेवला. "हा गेल्याच वर्षी एका माणसानं माझ्या डोळ्यांदेखत विकत घेतला आणि मला भेट दिला. चांदीच्या भावावर अडीचशे रुपये जास्त पडले. तुमचा फार तर चांदीच्या भावानं जाईल. म्हणजे घासल्यामुळं गेले ते अडीचशे. पाच चांगले रुपये धरले तर साडेबाराशे. अडतीस वर्षांत."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता.

"म्हंजे दहा लाख नव्हतेच?" सासऱ्यांनी विचारलं.

"नव्हतेच. हे रुपये टांकसाळीत कोट्यवधींनी पाडले होते. एखाद्या सालचा, एखाद्या टांकसाळीचा क्वचित मिळतो, त्याला भाव येतो. तुमच्या पाचातला एकही तसा नाही. मी पाचही सालं पुस्तकात पाहिली."

"मग तो माणूस घेतो कसा म्हनतो?"

त्याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि चेहरा उतरला. "त्याचाच हाय."

"मला द्या."

मी स्पीकर लावला. पलीकडून गोड आवाज आला, "सर, आपकी फाईल रेडी है. टॅक्स का पेमेंट आज बारा बजे तक कर दीजिए, गाड़ी पैसे लेकर निकल रही है."

"मैं उनकी बहन बोल रही हूँ," मी म्हटलं. "सिक्के का वज़न कितना चाहिए आपको?"

"मॅडम, वज़न की ज़रूरत नहीं."

"कौन सी टकसाल का है, मुंबई का या कलकत्ते का?"

"मॅडम, वो हमारे सर देखते हैं."

"आप दस लाख दे रहे हैं, तो साढ़े अठारह हज़ार उसी में से काट लीजिए. बाकी हमें दे दीजिए."

पलीकडच्या आवाजातला सगळा गोडवा गेला. पोलीस पाठवू, केस करू, असं काहीबाही तो बोलला. मी म्हटलं, "भेजिए. पता लिख लीजिए." फोन कट झाला. विद्यार्थिनीनं तो नंबर, आधीचे मेसेज, पैसे भरल्याची पावती सगळं जपून ठेवलं आणि त्याच संध्याकाळी सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. एकवीसशे परत आले नाहीत. साडेअठरा हजार मात्र घरात राहिले.

फोन खाली ठेवला तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. माझ्याशीच, पण ऐकायचं होतं ते दुसऱ्याला. "म्हंजे मी घालवलं नाय ना?"

"नाही ताई. आणि घालवण्यात मी तुमच्या पुढे आहे." मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. नाण्यांचा नाद नवा होता तेव्हा वडिलांनी दिलेला एक काळा पडलेला रुपया मी प्रयोगशाळेत नेला आणि स्वच्छ व्हावा म्हणून पातळ आम्लात बुडवला. दोन मिनिटांत पांढरा शुभ्र. मोठ्या ऐटीत तो एका जाणकाराला दाखवला. त्यानं डोक्याला हात लावला. ते साल खरोखरच कमी मिळणारं होतं आणि त्याचं चकचकीत प्रेत मी त्याच्यापुढं ठेवलं होतं. "मी एमएस्सी होते ताई. तुम्ही कशानं घासायचात?"

"आधी चिंच आन् राख. मग दंतमंजन."

"माझ्या आम्लापेक्षा ते बरं."

त्या हसल्या नाहीत, पण पदर एका खांद्यावरून खाली आला. मग त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी, कात, एक घडी केलेली चिठ्ठी, आणि तळातून फडक्यात बांधलेलं एक मोठं नाणं. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. "हे बी बघा."

सासरे चकित झाले. "हे कुठनं आलं?"

"माझं हाय. बापानं दिल्यालं."

दहा रुपयांचं नाणं होतं, सत्तर सालचं. मधे कमळ, दोन्ही बाजूंना गव्हाची कणसं, आणि 'सबके लिये अन्न' अशी अक्षरं. त्या काळी सरकारनं स्मारक म्हणून काढलेलं, चांदीचं. मी ते कडेनं धरून उजेडात फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. नाणं टांकसाळीतून निघतं तेव्हा त्याच्यावर जी चकाकी असते, फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी, ती अजून होती. एकही ओरखडा नाही. फडक्यात राहून कडेला आलेला मधासारखा पिवळसर रंग तेवढा.

"हे कसं नाही घासलंत?"

"त्याच्यावर देव नाय, राजा नाय. कणीस हाय. कणसाला काय घासायचं?"

त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील मका विकायला तालुक्याला गेले होते, तिथं हे नाणं मिळालं. पोरीला दाखवून म्हणाले, बघ, आता सरकारच म्हणतंय सगळ्यांना अन्न. दोन वर्षांत दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर आई-वडील दोघं जात होते, घरात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी होत्या, पण त्यांनी ते दहा रुपये मोडले नाहीत. लग्नात पोरीच्या हातात दिले. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, आवाज न बदलता. सासरे खाली बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं.

मी वजन केलं, पाण्यात सोडायची गरज नव्हती म्हणून सोडलं नाही. "ताई, तुमच्या या आठ नाण्यांत सगळ्यांत महाग हे आहे. दहा लाख नाही, दहा हजारही नाही. पण यातल्या चांदीची जी किंमत होईल तिच्या दुप्पट देणारा माणूस मला माहीत आहे. विकायचं असेल तर त्याचा नंबर देते, मी मधे पडणार नाही."

"विकायचं नाय. नुसतं इचारलं."

"मग फडक्यात ठेवू नका." मी त्यांना प्लास्टिकची गोल डबी दिली, नाणं नेमकं बसेल अशी.

"आन् दिवाळीला त्या सातांचं काय? घासू का नको?"

"खुशाल घासा. त्यांचं जे व्हायचं ते झालंय. देव्हाऱ्यात चमकले तर बरंच दिसेल."

निघताना सासरे दारात थांबले. सूनबाई आणि सासूबाई लिफ्टपाशी गेल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "गावात सगळ्यांना सांगून बसलोय. आता काय सांगू?"

"जे झालं ते. एकवीसशे गेले हेसुद्धा."

"हसतील हो."

"हसू द्या. दोन दिवस हसतील. पण तुम्ही गप्प बसलात तर दुसरा कुणीतरी साडेअठरा हजार भरेल."

त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले. खरं सांगायचं तर ते सांगतील असं मला वाटलं नव्हतं. पारावर मिळालेला मान पारावर परत करायला फार मोठी छाती लागते.

तीन आठवड्यांनी विद्यार्थिनीचा फोन आला, आणि यावेळी हसणं आधी होतं. आबांनी पारावर सगळं सांगितलं होतं. लोक हसले, एकानं तर त्यांना 'दहा लाख' अशी हाकही मारली. पण त्याच संध्याकाळी गावातला एक जण मागच्या दारानं घरी आला. त्यानंही नोंदणीचे भरले होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवडाभरात चौघं झाले. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच फसलो, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यातल्या एकानं तर कराचेही भरले होते आणि तिसरी मागणी आली होती.

"आबा म्हणतात, सगळ्यांना घेऊन येऊ का मॅडमकडे?"

रविवारी एक जीप भरून आली. चार माणसं, त्यांची नाणी, आणि पुढच्या सीटवर सासरे-सासूबाई. टेबलाभोवती दाटी झाली. मी वजनांची पेटी काढायच्या आत सासऱ्यांनीच ती उघडली आणि काटा तपासून दाखवायला सुरुवात केली. मधे मधे आपली फसगतही सांगत होते, मोठ्या आवाजात, काही न लपवता. जिथं अडखळत होते तिथं सासूबाई पुरवत होत्या. चौघांच्या एकोणीस नाण्यांत मला एक खरोखर क्वचित मिळणारा अर्धा रुपया सापडला. ज्याचा होता तो माणूस सर्वांत गरीब चेहऱ्याचा आणि सर्वांत कमी बोलणारा होता. त्याला मी तीन वेळा सांगितलं तरी खरं वाटेना. शेवटी सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अरे, ह्या मॅडम जास्तीचा भाव कधीच सांगत नाहीत. सांगितला म्हंजे हाय." त्या नाण्याला पुढं लिलावात जी किंमत आली त्यातून त्यानं घरावर पत्रे घातले.

दुपारी सगळे इथल्या गंगेवर, म्हणजे नदीच्या घाटावर, जाऊन यायचं म्हणून निघाले. लिफ्ट बंद पडली होती. चौघं भराभर खाली उतरले. मी दारात उभी होते. सासरे आणि सासूबाई मागून सावकाश जिना उतरत होते आणि तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत त्यांचा आवाज येत होता. कांदा या आठवड्यात बाजारात न्यायचा की कांदाचाळीत साठवून ठेवायचा, यावर दोघांचं जोरात भांडण चाललं होतं.